पदरमोड करून राबणाऱ्यांची बोट

डॉक्टर, नर्स, खलाशी, आचारी, शाळामास्तर... चारेकशे माणसं एका बोटीवर राहतात, परक्या देशातल्या गोरगरिबांची सेवा करतात आणि पगार घेणं तर सोडाच, उलट स्वत:च्या जेवणाखाणाचे पैसेही भरतात. आफ्रिकेच्या बंदरांतून फिरणाऱ्या ‘आफ्रिका मर्सी’ या ख्रिस्ती संस्थेच्या हॉस्पिटल-जहाजावरचं रोजचं जगणं असतं तरी कसं?

मादागास्कर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर तुआमासिना नावाचं बंदर आहे. फ्रेंचांच्या राजवटीत त्याचं नाव होतं तामाताव. लवंग, व्हॅनिला आणि लिची इथून परदेशी रवाना होते. समुद्रालगत ताडामाडांच्या रांगा, रस्त्यावर माणसं ओढतात त्या ‘पूस-पूस’ नावाच्या रिक्षा आणि कधीही कोसळणारा धो धो पाऊस. भात तर सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही त्रिकाळ! कोकणातला माणूस इथे आला तर त्याला फारसं परकं वाटायचं नाही. गुजरातेतून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी येऊन स्थायिक झालेले व्यापारीही इथे भेटतात. स्थानिक लोक त्यांना ‘काराना’ म्हणतात.

या बंदराच्या धक्क्याला २०१४ साली एक पांढरीशुभ्र बोट येऊन लागली. तिने ना माल उतरवला, ना माल भरला. चढली ती फक्त माणसं. कुणी काठी टेकत, कुणी मुलाच्या पाठीवर बसून, कुणी तान्ह्या बाळाला छातीशी कवटाळून. अनेकांनी तोंडावरून फडकं ओढून घेतलेलं. डोळे तेवढे उघडे. गावात ज्या चेहऱ्याकडे बघून पोरं पळतात, तो चेहरा त्यांनी त्या फडक्याआड झाकलेला होता.

बोटीचं नाव ‘आफ्रिका मर्सी’. मर्सी म्हणजे करुणा. एका देशाच्या बंदरात साधारण दहा महिने मुक्काम ठोकायचा, तिथल्या गरिबांच्या शस्त्रक्रिया फुकट करायच्या आणि मग पुढचं बंदर गाठायचं, हा तिचा शिरस्ता. लायबेरिया, बेनिन, टोगो, सिएरा लिओन, गिनी, काँगो, कॅमेरून, सेनेगल... २००७ पासूनची ही यादी लांबलचक आहे. मादागास्करला तर ती २०२४ मध्ये पुन्हा आली. कुठेही जायचं ते त्या देशाच्या सरकारने बोलावल्यावरच.

मुंबईच्या ओळखीची थोरली बहीण

ही बोट चालवते ‘मर्सी शिप्स’ ही संस्था. डॉन स्टीफन्स आणि डियॉन स्टीफन्स या अमेरिकन दांपत्याने १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये तिची मुहूर्तमेढ रोवली. डॉन यांच्या मनात तरुणपणापासून हॉस्पिटल-जहाजाचं स्वप्न होतं. त्यांना झालेला एक मुलगा जन्मत:च गंभीर अपंगत्व घेऊन आला आणि त्या स्वप्नाला धार चढली. याच सुमारास कलकत्त्यात मदर तेरेसांशी झालेल्या भेटीने आपल्याला मोठं बळ दिलं, असं ते सांगत आले आहेत.

भारताशी असलेलं नातं एवढ्यावर संपत नाही. संस्थेने विकत घेतलेलं पहिलं जहाज होतं ‘व्हिक्टोरिया’. इटलीहून निघून मुंबईमार्गे हाँगकाँगपर्यंत जाणारी ही प्रवासी बोट १९५३ पासून या मार्गावर धावत होती. विमानाचं तिकीट परवडत नव्हतं त्या काळात मुंबईच्या धक्क्यावरून अशाच बोटींनी आपली माणसं युरोपला जात. संस्थेने तिचं नाव ठेवलं ‘अनास्तासिस’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पुनरुत्थान. १९८२ पासून पाव शतक तिने रुग्णांची सेवा केली आणि २००७ मध्ये ती अखेरची भारताच्या किनाऱ्याला लागली, ती गुजरातेतल्या अलंगच्या जहाजतोडणी वाड्यात! 

त्याच वर्षी ‘आफ्रिका मर्सी’ कामाला लागली. तिचाही हा दुसरा जन्मच. १९८० मध्ये डेन्मार्कमध्ये ती बांधली गेली, ती आगगाडीचे डबे समुद्रापलीकडे नेण्यासाठी. १९९७ मध्ये तिथे पूल आणि बोगद्यावरून थेट रेल्वे सुरू झाली आणि बोट बेकार झाली. संस्थेने ती १९९९ मध्ये घेतली. जिथे रेल्वेचे डबे उभे राहायचे, त्या तिसऱ्या डेकवर आता पाच ऑपरेशन थिएटर्स, एक्स-रे, प्रयोगशाळा आणि वॉर्ड आहेत.

खाटेखालची आई

बोटीवरचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो. शिडीपाशी अनेक वर्षं नेपाळचे गुरखे पहाऱ्याला असत. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत रात्री काठी आपटणारा गुरखा आपल्या ओळखीचा, पण तो आफ्रिकेच्या धक्क्यावरही भेटावा याची गंमत वाटते! ओळखपत्र दाखवून स्थानिक कर्मचारी वर चढतात. यांना मात्र पगार मिळतो. त्यातले बरेचसे दुभाषे. खेड्यातल्या आजीची मालागासी बोली इंग्रजीत आणि अमेरिकन नर्सचं इंग्रजी आजीच्या बोलीत आणणारा हा तरुण नसेल तर सगळं हॉस्पिटल मुकं होईल.

वॉर्डमध्ये खाटा एकमेकींना अगदी खेटून. बोटीवर जागा कुठून आणणार? म्हणून लहान मुलाबरोबर आलेल्या आईची गादी त्याच्याच खाटेखाली घालतात. रात्री पोर रडलं की खालून हात वर येतो. नर्सला औषध द्यायचं तर आधी वाकून आई कुठे झोपली आहे ते बघावं लागतं.

इथे येणारे आजार तरी कसले? दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू, गलगंड, भाजल्यावर आखडून गेलेले हात, गुडघ्यात वाकलेले पाय आणि चेहऱ्यावरच्या गाठी. जबड्याच्या हाडातून वाढणारी एक गाठ असते. कर्करोग नव्हे. आपल्याकडे शहरात ती दाताच्या डॉक्टरच्या नजरेला पडते आणि लहान असतानाच निघते. पण जिथे डॉक्टरच नाही तिथे ती वर्षानुवर्षं वाढत जाते. नारळाएवढी, कधी त्याहून मोठी होते. घास गिळता येत नाही, पुढे श्वासही कोंडतो. मरण येतं ते उपासमारीने किंवा गुदमरून. शिवाय गावात कुजबुज असते ती वेगळीच, करणी झाली, शाप लागला!

दुभंगलेल्या ओठांचं तान्हं मूल आलं की लगेच ऑपरेशन होत नाही. त्याला आईचं दूध नीट ओढता येत नाही, त्यामुळे ते काडीसारखं झालेलं असतं. भूल सोसायची तर आधी वजन हवं. मग आहारतज्ज्ञ आईला दूध पाजायची युक्ती शिकवते आणि दर आठवड्याला काट्यावर बाळ ठेवलं जातं. काटा थोडासा सरकला तरी वॉर्डात आनंदीआनंद.

सगळ्यांत अबोल असतात त्या अडलेल्या बाळंतपणातून वाचलेल्या बायका. दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा सोसायच्या, जवळपास डॉक्टर नाही, बाळ दगावतं आणि आईच्या मूत्राशयाला छिद्र पडतं. त्यानंतर लघवी सतत झिरपत राहते. नवरा टाकतो, शेजारीण जवळ बसू देत नाही. या आजाराला फिस्टुला म्हणतात. ऑपरेशन यशस्वी झालं की घरी जाण्याआधी या बायकांना नवे कपडे देतात. त्या नटतात, टाळ्या वाजवत गातात. आपल्याकडे माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, तशातलाच हा सोहळा.

रोज दुपारी थोडा वेळ रुग्णांना सातव्या डेकवर मोकळ्या हवेत नेतात. प्लास्टर घातलेली मुलं तिथे चाकांच्या गाड्यांवर बसून शर्यती लावतात. बँडेजमधून एकच डोळा उघडा असलेली बाई समुद्राकडे बघत बसते. इथे कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत नाही. अनेकांचं तोंडावरचं फडकं पहिल्यांदा गळून पडतं ते इथेच, ऑपरेशनच्याही आधी.

दोन मिनिटांची आंघोळ

आता बोटीवर राहणाऱ्यांकडे वळू या. तीस-चाळीस देशांतली ही माणसं. कुणी दोन आठवडे रजा काढून आलेला सर्जन, कुणी काही महिन्यांसाठी आलेली नर्स, तर कुणी बायकामुलांसह वर्षानुवर्षं राहिलेला इंजिनियर. विमानाचं तिकीट स्वत:च्या खिशातून. बहुतेक जण केबिनचं आणि जेवणाचं शुल्कही दरमहा भरत आले आहेत. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गावाकडचं चर्च, मित्र आणि नातेवाईक वर्गणी काढतात. शस्त्रक्रिया करणाऱ्यालाही हाच नियम आणि भांडी घासणाऱ्यालाही हाच नियम. पैसे भरून भांडी घासायची! आपल्याकडे असं कुणी सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. पण पंढरीच्या वारीत पदरमोड करून वारकऱ्यांचे पाय चेपणारी माणसं आपण पाहिलेली आहेत, त्यामुळे हे वेड आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

सोयी आहेत. मुलांसाठी शाळा आहे, वाचनालय आहे, छोटं दुकान आहे, कॉफीचा ठेलाही आहे. पण बोट ती बोटच. एकट्या माणसाला केबिन मिळते ती चार-सहा जणांत मिळून. वर-खाली बंक, मध्ये पडदा. पडदा ओढला की तेवढंच तुमचं घर. पाणी जपून वापरायचं, म्हणून आंघोळ दोन मिनिटांत उरकायची. नळ उघडा, अंग भिजवा, नळ बंद करा, साबण लावा, पुन्हा नळ उघडा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही! कपडे धुवायचे तेही नाव लावून, ठरलेल्या वेळी. शिवाय हिवतापाच्या गोळ्या आणि आगीची कवायत चुकवायची नाही. भोंगा झाला की सर्जनलाही कवायतीला हजर व्हावंच लागतं.

पाहुणा म्हणून येऊन घरचा झाल्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डॉ. गॅरी पार्कर यांचं. चेहरा आणि जबड्याचे हे अमेरिकन सर्जन १९८७ मध्ये ‘अनास्तासिस’वर आले ते तीन महिन्यांसाठी. बोटीवरच सुझन भेटल्या, लग्न झालं, दोन मुलं बोटीवरच वाढली. तीन महिन्यांची तीन दशकं झाली, तरी मुक्काम हलला नाही.

आचाऱ्याचं रक्त

या बोटीवर रक्तपेढीची मोठी शीतकपाटं नाहीत. रक्तपेढी चालती-बोलती आहे! बोटीवर राहणाऱ्यांपैकी ज्यांना शक्य आहे ते आपला रक्तगट नोंदवून ठेवतात. ऑपरेशन टेबलवर रक्तस्राव वाढला की त्या गटाच्या माणसाला निरोप जातो. तो स्वयंपाकघरात कांदा चिरत असेल, शाळेत गणित शिकवत असेल किंवा मध्यरात्री झोपेत असेल. हात धुऊन तो तिसऱ्या डेकवर जातो, आणि थोड्याच वेळात त्याचं ताजं रक्त रुग्णाच्या अंगात जाऊ लागतं.

दुसऱ्या दिवशी कुणी तरी त्याला वॉर्डात घेऊन जातं. खाटेवरचा शेतकरी आणि हा आचारी, एकमेकांची भाषा येत नाही. दुभाष्या सांगतो, याचं रक्त तुला दिलं. ‘मिसाओत्रा,’ म्हणजे आभारी आहे, एवढाच शब्द पुरतो.

नाही म्हणण्याचं काम

इथवर वाचून वाटेल, केवढी ही आनंदाची बोट! पण या बोटीवरचं सर्वांत जड काम ऑपरेशनचं नाही. ते आहे ‘नाही’ म्हणण्याचं.

बोट येणार अशी वार्ता लागली की माणसं दिवसदिवस प्रवास करून येतात. कुणी गाय विकून, कुणी उसनवारी करून. रांगेत हजारो असतात. पण बोटीवर होते ती ठरावीक शस्त्रक्रियाच. पसरलेल्या कर्करोगावर, हृदयाच्या किंवा मेंदूच्या विकारावर इथे इलाज नाही. म्हणून रांगेतल्या प्रत्येकाला कुणी तरी नर्स तपासते, आणि अनेकांना त्यांच्या डोळ्यांत बघून सांगते, आमच्याकडून तुमचं काम होणार नाही. काही जणांजवळ ती नुसतीच बसून राहते. ज्यांच्यासाठी काहीच करता येत नाही, त्यांच्या वेदना कमी करण्यासाठी घरी जाऊन शुश्रूषा करणारं एक पथकही संस्थेने ठेवलं. मरण टळत नाही, पण ते थोडं सुसह्य होतं.

आशा ही किती धोक्याची गोष्ट असते, याचा दाखला मार्च २०११ मध्ये सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनमध्ये मिळाला. तपासणीच्या जागी गर्दी फाटकावर लोटली, चेंगराचेंगरी झाली, अनेक जण जखमी झाले आणि एकाचा जीव गेला. बरं व्हायला आलेल्यांच्या रांगेत हे घडलं! पुढे संस्थेने एकाच जागी अफाट गर्दी जमवण्याऐवजी छोटी पथकं देशाच्या आतल्या भागात पाठवून रुग्ण निवडण्यावर भर दिला.

आणखी एक ‘नाही’ मादागास्करच्या मुक्कामामागेच दडलेलं आहे. २०१४ मध्ये बोट खरं तर पश्चिम आफ्रिकेत जाणार होती. पण तिथे इबोलाची साथ उसळली. दाटीवाटीने राहणाऱ्या चारशे माणसांच्या बोटीवर एक संसर्ग शिरला तर बोटच संपेल, आणि हे हॉस्पिटल आहे ते ठरवून करायच्या शस्त्रक्रियांचं, साथीच्या रोगाचं नव्हे. म्हणून मार्ग बदलला आणि बोट तुआमासिनाला आली. निर्णय बिनतोड असेलही. पण ज्या किनाऱ्यांवर आजवर मुक्काम केला, त्यांच्याच सर्वांत वाईट दिवसांत पाठ फिरवावी लागली, हेही खरं. मादागास्करच्या हजारो रुग्णांचं नशीब फळफळलं ते दुसऱ्या कुणाच्या दुर्दैवामुळे.

प्रार्थना आहे, अट नाही

मिशन म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. ऑपरेशनच्या बदल्यात धर्म बदलायला लावतात का हो? बोटीवर ख्रिस्ती श्रद्धा लपवलेली नाही. ‘यूथ विथ अ मिशन’ या मिशनरी संघटनेच्या छत्राखाली हे काम सुरू झालं आणि २००३ मध्ये ते स्वतंत्र झालं. सकाळी कामाआधी प्रार्थना होते, रविवारी उपासना होते, वॉर्डात ढोलकी वाजते आणि ज्याला गायचंय तो गातो. आंधळ्यांना दृष्टी, पांगळ्यांना पाय हा येशूचा कित्ता आपण गिरवतो, असं ही माणसं उघडपणे सांगतात.

मात्र रुग्ण निवडताना धर्म विचारायचा नाही, हा संस्थेचा नियम आहे. गिनी आणि सेनेगल हे बहुसंख्य मुस्लीम वस्तीचे देश, तरी तिथल्या सरकारांनी या बोटीला आवर्जून बोलावलं. ज्याच्या जबड्याची गाठ निघाली तो मशिदीत जातो, चर्चमध्ये जातो की पूर्वजांना नैवेद्य दाखवतो, याचा हिशेब बोट ठेवत नाही.

बोट निघाली की...

खरा प्रश्न धर्माचा नाही, निघून जाण्याचा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस मिरजेला आले आणि त्यांनी १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल उभं केलं. ते हॉस्पिटल गावाचं झालं. रात्री-अपरात्री दार ठोठावलं तर कुणी तरी उठत असे. बोटीचं तसं नाही. दहा महिने झाले की शिडी उचलली जाते. दुसऱ्या दिवशी गाठ घेऊन आलेल्याला धक्क्यावर फक्त पाणी दिसतं.

ही टीका संस्थेलाही ठाऊक आहे. म्हणून स्थानिक डॉक्टरांना आणि नर्सना बरोबर घेऊन शिकवणं, तिथल्या हॉस्पिटलांना साहित्य देणं, यावर तिने भर वाढवला. २०२१ मध्ये ‘ग्लोबल मर्सी’ हे नवं कोरं, आणखी मोठं जहाज तयार झालं, त्यात सहा ऑपरेशन थिएटर्सबरोबर प्रशिक्षणाचीही व्यवस्था केली आहे. तरीही आकडे नम्र करणारे आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं, जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. एक बोट काय, शंभर बोटी पुरणार नाहीत.

मग एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर आकड्यांत सापडत नाही. ते शिडीवर सापडतं. 

बरा झालेला माणूस घरी निघतो तेव्हा वॉर्डातली माणसं त्याला शिडीपर्यंत पोचवायला येतात. हातात औषधाची पिशवी, खांद्यावर गाठोडं. आला होता तेव्हाचं फडकंही त्याच्याजवळ असतं. धुऊन घडी केलेलं, गाठोड्यात ठेवलेलं. खाली धक्क्यावर ऊन असतं, हमालांची ये-जा असते, आणि त्यातलं कुणीच त्याच्याकडे वळून बघत नाही. कितीतरी वर्षांनी तो चारचौघांसारखा चालत फाटकाबाहेर जातो आणि गर्दीत दिसेनासा होतो.

वर कठड्याशी उभी असलेली नर्स घड्याळ बघते. पुढचा रुग्ण खाली येऊन बसलेला असतो, तोंडावर फडकं ओढून.